एक्सफॅट डिस्कवर डेटाबेस हलवताना आलेल्या परवानग्यांच्या अडचणी : माझा अनुभव

लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या संगणकातली जागा संपत आल्यामुळे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची डेटा डिरेक्टरी (त्याचा सगळा डेटा असलेला फोल्डर) बाह्य डिस्कवर हलवायचे मी ठरवले. ती डिस्क विंडोजलाही जोडली जात असल्याने तिच्यावर एक्सफॅट ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) होती. सर्व्हर बंद करून मी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आरसिंक ही फाइली नकलणारी आज्ञा चालवली. मजकूर पूर्ण उतरला, पण फाइलीमागून फाइलीला मालकी बदलता येत नसल्याची, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ अशी त्रुटी येत राहिली आणि शेवटी काही गुणधर्म पोहोचले नसल्याचे सांगणारा कोड २३ मिळाला. सर्व्हर सुरू करू पाहिल्यावर डेटा डिरेक्टरीची मालकी चुकीची असल्याचे सांगून तो तत्काळ बंद पडला.

खुद्द रूटलाच नकार मिळावा, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. त्यानंतर डिरेक्टरीवर परवानग्या बदलणारी सीएचमॉड ही आज्ञा ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) या आकड्यासह चालवली. कोणतीही तक्रार न करता आज्ञा पूर्ण झाली, पण फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसने परवानग्या पूर्वीप्रमाणेच ०७५५ (इतरांनाही वाचता येईल अशा) दाखवल्या. यशस्वी भासणारी पण काहीच न बदलणारी ही आज्ञा त्रुटीपेक्षा अधिक फसवी आहे, कारण ती पाहून माणूस दोष भलतीकडेच शोधत बसतो.

खरे कारण डिस्कवरील नोंदीच्या रचनेत आहे. एक्सटी४सारखी लिनक्सची फाइल सिस्टीम प्रत्येक फाइलच्या आयनोडमध्ये (फाइलच्या माहितीच्या नोंदीत) मालक, गट आणि परवानग्या साठवते. एक्सफॅटच्या नोंदीत मात्र फक्त-वाचन, लपवलेली, सिस्टीम, आर्काइव्ह असे मोजके गुणधर्म मावतात आणि मालकासाठी जागाच नसते. मग लिनक्स जे मालक आणि ज्या परवानग्या दाखवतो, त्या डिस्क माउंट करताना (लिनक्सच्या फाइलरचनेला जोडताना) दिलेल्या यूआयडी (मालकाचा क्रमांक), जीआयडी (गटाचा क्रमांक), आणि अनुक्रमे फाइली व डिरेक्टरींच्या कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणाऱ्या एफमास्क आणि डीमास्क या पर्यायांतून येतात. थोडक्यात, येथे परवानगी फाइलची नसून माउंटची असते. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉग इन करण्याच्या एसएसएच या साधनाची खासगी किल्ली अशा डिस्कवर ठेवल्यास ती सर्वांना वाचता येते असे सांगून एसएसएच ती नाकारते, तेही याच कारणाने.

अशा वेळी सरसकट ०७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो येथे निरुपयोगी तर आहेच, शिवाय पोस्टग्रेसक्यूएलच्या नियमाच्या नेमका उलट आहे. डेटा डिरेक्टरी ०७०० असावी, किंवा ११व्या आवृत्तीपासून ०७५० (गटालाही वाचता येईल अशी) असली तरी चालते, असा तो नियम आहे. इतरांना डेटा वाचता येऊ नये यासाठीच ही तपासणी असल्याने तिला बगल देण्याचे मार्ग शोधणे मला योग्य वाटत नाही.

आधी मी डिस्क काढून पोस्टग्रेस वापरकर्त्याचा यूआयडी व जीआयडी, डीमास्क ००७७ आणि एफमास्क ०१७७ देऊन पुन्हा माउंट केली. तपासणी पार पडली आणि सर्व्हर सुरूही झाला; परंतु हे पर्याय संपूर्ण विभाजनाला (पार्टिशनला) लागू होत असल्याने त्याच डिस्कवरील माझी छायाचित्रे आणि कागदपत्रे मला स्वतःच्या खात्यातून उघडेनाशी झाली. शिवाय एक्सफॅटवर सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) नसतात, आणि पोस्टग्रेसक्यूएल टेबलस्पेससाठी, म्हणजे काही डेटा वेगळ्या जागी ठेवण्यासाठी, त्याच वापरतो. केवळ तपासणी पार पडली म्हणून ती जागा डेटाबेससाठी योग्य ठरत नाही.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे एक्सटी४चे स्वतंत्र विभाजन, पण त्यासाठी डिस्क रिकामी करावी लागली असती. म्हणून मी डिस्क पुन्हा माझ्या नावाने माउंट करून डीडी या आज्ञेने तिच्यावर शून्यांनी भरलेली एक मोठी फाइल तयार केली, त्या फाइलच्या आत फाइल सिस्टीम बनवणाऱ्या एमकेएफएसने एक्सटी४ बनवली आणि फाइललाच डिस्कसारखे वागवणाऱ्या लूप पर्यायाने ती माउंट केली. बाहेरची डिस्क माझ्याच नावावर राहिली, आणि आतल्या भागात आरसिंकने या वेळी मालकीसकट सगळे निमूटपणे उतरवले. सीएचमॉड ०७०० दिल्यावर एलएसनेही ०७०० दाखवले. सर्व्हर पहिल्या प्रयत्नात सुरू झाला.

या मांडणीत डिस्क काढण्यापूर्वी सर्व्हर थांबवून आधी आतली एक्सटी४ आणि मगच बाहेरची एक्सफॅट अनमाउंट करावी लागते. संगणक सुरू होताना काय माउंट करायचे ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये नोंद करतानाही बाहेरची डिस्क आधी माउंट होईल अशी व्यवस्था हवी. विंडोजला ही सगळी रचना एकच मोठी फाइल म्हणून दिसते, त्यामुळे ती चुकून पुसली जाऊ नये म्हणून मी तिला स्पष्ट नाव दिले आहे. एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरण्यासाठीची नोंदवही) नसल्याने वीज अचानक गेल्यास बाहेरची रचना बिघडण्याचा धोका उरतोच, म्हणून पीजी-डम्प या पोस्टग्रेसक्यूएलच्या साधनाने काढलेली डेटाबेसची प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवतो.