तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थना करूनही आवाज का चढतो?

"सकाळी प्रार्थनेत धीर मागते आणि संध्याकाळी मुलाच्या अभ्यासावरून घर डोक्यावर घेते. माझा विश्वासच कमी पडतोय का?" उपासना सुटल्यावर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा असतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

विश्वास मोजायच्या आधी घड्याळ बघा. एक आठवडा, आवाज चढला की कागदावर तीनच गोष्टी लिहा: वाजले किती, शेवटचं खाल्लं कधी, समोर कोण होतं. सात दिवसांत बहुतेकांच्या कागदावर एकच वेळ पुन्हापुन्हा दिसते. पुष्कळ घरांत ती कामावरून परतणं आणि रात्रीचं जेवण यांच्या मधली असते. दुपारी एकला डबा खाल्लेला, आता साडेसात वाजलेत, कुकरची शिट्टी होतेय आणि मूल सातचा पाढा चौथ्यांदा चुकतंय.

बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातला संदेष्टा एलीया आठवा. थकून तो झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला काही समजावलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून घरात पाऊल टाकल्यावर आधी मूठभर शेंगदाणे किंवा अर्धी पोळी खा, पाणी प्या, दहा मिनिटं कुणाशी न बोलता बसा. अभ्यास जेवणानंतर घ्या, नाहीतर सकाळी. यात कसलाही कमीपणा नाही.

सकाळची प्रार्थना संध्याकाळपर्यंत पुरत नाही, याचं आणखी एक कारण आहे. "प्रभू, मला धीर दे" ही मागणी फार मोघम असते. त्याऐवजी नाव, वेळ आणि जागा घालून मागा: "आज साडेसातला स्वयंपाकघरात वही समोर येईल, तेव्हा माझा आवाज खाली ठेव." आणि त्या क्षणासाठी एकच छोटी ओळ पाठ असू द्या. 141 व्या स्तोत्रात दावीद आपल्या तोंडावर पहारा मागतो. तेवढी ओळ पुरते. आधी श्वास पूर्ण सोडा, मग घ्या, मनात ती ओळ म्हणा, मगच बोला. लांबलचक उतारा ऐनवेळी आठवत नाही.

मूळ ग्रीक नव्या करारात धीरासाठी दोन शब्द आहेत. माक्रोथुमिया म्हणजे राग लांबवणं, हे मुख्यतः माणसांच्या बाबतीत. हुपोमोने म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं, हे परिस्थितीच्या बाबतीत. मुलाच्या पाढ्यासमोर पहिला लागतो. लांबलेला आजार किंवा न मिळणारी नोकरी यांत दुसरा. याकोबाच्या पत्रातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. तिकडे इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी जमीन भिजवतो, शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरतो. पाऊस त्याच्या हातात नाही, पण मधले महिने तो बांधावर नुसता बसून राहत नाही. लांबच्या प्रतीक्षेत रोज हाताला एक ठरलेलं काम हवं: एक अर्ज, एक फोन, औषधांच्या वेळांचा तक्ता.

सगळ्यात जास्त गफलत होते ती राग गिळण्याला धीर समजल्यामुळे. साहेबासमोर गिळलेला राग घरी येऊन मुलावर निघतो. 13 व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर?" असं विचारलेलं आहे. देवासमोर अशी तक्रार करायला पवित्र शास्त्राची मनाई नाही, संकटांनी पिचलेल्या ईयोबानेही ती पुष्कळ केली. घरात शिरण्याआधी जिन्यात दोन मिनिटं थांबून ती देवाला सांगून टाका, अगदी साध्या शब्दांत.

आणि हे फार महत्त्वाचं. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला "ख्रिस्तासारखं सहन कर" असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात प्रभू येशू अपराध दाखवून द्यायला सांगतो, ऐकलं नाही तर साक्षीदार न्यायला सांगतो. जिथे एकटीने समोर जाण्यात जिवाला धोका आहे, तिथे आधी सुरक्षित जागी जावं. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे नंबर आहेत.

एवढं करूनही एखाद्या दिवशी आवाज चढेलच. नव्या करारातल्या इफिसकरांच्या पत्रात राग सोडायला सूर्य मावळेपर्यंतची मुदत दिली आहे. आपण निदान मूल झोपण्यापूर्वीची पाळू या. त्याच्या शेजारी खाली बसा. काय केलंत ते नेमकं सांगा: "मी ओरडले आणि वही फेकली." मग "ते माझं चुकलं, मला माफ कर." इथेच थांबा. "पण तूही लक्ष देत नव्हतास" हे पुढे जोडलं की माफी गेली आणि पुन्हा रागावणं सुरू झालं. मुलाकडून लगेच "असू दे" वदवून घेऊ नका. पाढ्याचा विषय त्या रात्री काढू नका, दिवा मालवा.