गेम कोणत्या सालचा, ते आधी बघा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सीडींचा डबा खाली येतो. त्यात गेमच्या सीडी असतात, डिजिट-चिप मासिकांसोबत आलेल्या डेमोच्या सीडी असतात, आणि मार्करने नावं लिहिलेल्या दहा-बारा बेवारस चकत्या. मग लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह जोडायचा, सेटअपवर डबल क्लिक करायचं, आणि 'हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही' हे वाचून कम्पॅटिबिलिटी मोडमधले (गेमला जुनं विंडोज असल्याचं भासवणारी सोय) सगळे पर्याय एकेक करून दाबत बसायचं. तासाभराने डबा परत माळ्यावर. नाशिकच्या एमजी रोडवरच्या कम्प्युटर-दुकानदाराला असल्या कामात अर्धा दिवस घालवणं परवडत नाही, त्याचंही बरोबर आहे. हे काम घरीच करायचं, आणि ते जमतं.

गेम बिघडलेला नसतो. तो लिहिताना काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्यातली एखादी पायाखालून निघून गेलेली असते. कोणती गेली, हे गेमच्या सालावरून बऱ्यापैकी कळतं. साधारण 1995 पर्यंतचे गेम डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधी कम्प्युटर ज्यावर चालायचे त्या सिस्टिमचे, 1995 ते 2000 चे विंडोज 95-98 चे, आणि त्यानंतर 2007 पर्यंतचे एक्सपीचे. तिघांचे आजार वेगळे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की वेळ वाया जातो, म्हणून आधी सीडीच्या मागे छापलेलं साल वाचा.

त्याआधी सीडीची तब्येत. नाशिकचा पावसाळा चार महिने दमट, आणि कपाटातल्या सीडीवर बुरशीचे ठिपके दिसतात. मऊ सुती कापडाने पुसा, पण गोल गोल नाही, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते. आडवा ओरखडा ड्राइव्ह सावरून घेतो, मार्गाच्या दिशेने गेलेला सावरत नाही. आणि नावाची बाजू जास्त जपा. सीडीचा चकाकणारा थर त्या बाजूला लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, तिथे खरवडलं की माहिती कायमची गेली. खालच्या बाजूला निदान जाड प्लास्टिकचं संरक्षण आहे.

सीडी वाचली की लगेच तिची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली हुबेहूब प्रत, काढून ठेवा. इथे एक चूक हमखास होते: सगळे आयएसओ प्रकारची इमेज काढतात. 1990 च्या दशकातल्या बऱ्याच गेमचं संगीत कॅसेटसारखं, साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपात सीडीवर असतं. 1996 चा क्वेक तसाच आहे. आयएसओमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक येतो, संगीत मागेच राहतं, आणि गेम मुका झाला की आपण साउंड ड्रायव्हर तपासत बसतो. इमेजबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅमने बिन आणि क्यू अशी फायलींची जोडी काढा, तिच्यात ऑडिओसकट सगळं येतं. फक्त विंडोजला स्वतःहून आयएसओच उघडता येते, बिन-क्यू नाही. डॉसच्या गेमला त्याने फरक पडत नाही, कारण डॉसबॉक्स (जुन्या डॉस मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) क्यू फाइल थेट घेतो.

आता डॉस. 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्रॅम चालवूच शकत नाही. प्रोसेसर 64-बिट पद्धतीने चालू असताना जुन्या 8086 प्रोसेसरचं सोंग घेण्याची त्याची सोय बंद असते, आणि विंडोजनेही तो सगळा भाग काढून टाकला आहे. 32-बिट विंडोज 10 मध्ये तो होता. विंडोज 11 मात्र फक्त 64-बिटच येतं. म्हणून इथे कम्पॅटिबिलिटी मोडला हात लावूच नका. डॉसबॉक्स लागतो, किंवा त्याचीच नवी भावंडं, डॉसबॉक्स स्टेजिंग आणि डॉसबॉक्स-एक्स. पहिल्यांदाच करणाऱ्याने स्टेजिंग घ्यावा, त्याच्या मूळ सेटिंग आजच्या स्क्रीनला जुळणाऱ्या आहेत.

समजा 1990 चा प्रिन्स ऑफ पर्शिया डी ड्राइव्हवर डॉसगेम या फोल्डरमधल्या प्रिन्स फोल्डरात आहे. डॉसबॉक्स उघडून चार ओळी द्यायच्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत; तिसऱ्या ओळीतली 'सीडी' म्हणजे चकती नाही, फोल्डरात शिरण्याची कमांड):

माउंट सी डी:\डॉसगेम
सी:
सीडी प्रिन्स
प्रिन्स

फोल्डरची नावं आठ अक्षरांच्या आत आणि बिनजागेची ठेवा, डॉसला लांब नावं कळत नाहीत. रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर याच चार ओळी डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सगळ्यात शेवटच्या, ऑटोएक्झेक नावाच्या भागाखाली लिहून टाका. सीडी लागणारा गेम असेल तर माउंटच्या ओळीनंतर इमजीमाउंट ही कमांड: ड्राइव्हचं अक्षर डी, मग क्यू फाइलचा पत्ता, मग उणे चिन्हासह टी आणि सीडीरॉम.

गेम सुसाट पळतोय किंवा रांगतोय, तर सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सच्या नकली प्रोसेसरचा वेग, बदला. त्या काळी बऱ्याच गेमचा वेग घड्याळावर नाही, थेट प्रोसेसरवर बेतलेला असायचा. मूळ डॉसबॉक्स साध्या गेमना 3000 सायकल्स देतो, 1990 च्या आगेमागे आलेल्यांना तेवढं पुरतं. 486 प्रोसेसरसाठी लिहिलेल्या गेमला 20 ते 25 हजार लागतात. कंट्रोल धरून एफ 12 दाबलं की वाढतात, एफ 11 ने कमी होतात. आवाज तुटायला लागला की समजायचं आपण लॅपटॉपच्या कुवतीपेक्षा जास्त मागितलं; तिथून थोडं खाली या. उंदीर (माउस) खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ 10, पूर्ण स्क्रीनसाठी आल्ट-एंटर.

आवाज अजिबातच येत नसेल तर नव्वद टक्के वेळा गोष्ट एकाच आकड्याशी अडलेली असते. डॉसबॉक्स गेमला साउंड ब्लास्टर 16 हे साउंड कार्ड देतो: पत्ता 220, आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं तो क्रमांक) 7, डीएमए 1. गेमच्या सेटअपमध्ये मात्र आयआरक्यू 5 आधीच निवडलेला असतो, कारण पुष्कळ कार्ड तसेच लावलेले असायचे. सेटअप पुन्हा चालवून 7 करा. चित्र बसकं दिसत असेल तर आस्पेक्टची सेटिंग चालू करा: 320 बाय 200 चं चित्र जुन्या 4:3 मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं, चित्रकाराने ते तसंच धरून काढलेलं आहे.

विंडोज 95-98 चे गेम जास्त छळतात, कारण ते अर्धवट चालतात. इथे पहिली गंमत अशी की गेम 32-बिट असतो, पण त्याचा सेटअप 16-बिट! म्हणजे गेम चालला असता, पण दारातच अडवला. इन्स्टॉलशील्ड या प्रोग्रॅमने बनवलेले काही जुने सेटअप विंडोज ओळखतं आणि त्यांच्या जागी स्वतःचं 32-बिट इंजिन लावतं, म्हणून काही सीडी विनातक्रार बसतात. बाकीच्यांसाठी ओटीव्हीडीएम नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. तो 16-बिट विंडोजचे प्रोग्रॅम 64-बिटवर चालवतो. सेटअपची फाइल उचलून त्याच्या आयकॉनवर सोडायची. विंडोज 3.1 चे गेमही यात चालतात.

बसल्यावर पुढचं दुखणं रंगांचं. 1999 च्या मूळ एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये गवत-पाण्यावर जांभळे-गुलाबी डाग पडतात, ते अनेकांनी पाहिले असतील. ग्राफिक्स कार्ड बिघडलेलं नसतं. हे गेम 256 रंगांचे. स्क्रीनवरच्या ठिपक्याला रंग नसतो, नुसता क्रमांक असतो, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता गेमने भरला, की मागे चालू असलेला डेस्कटॉप त्यात स्वतःचे रंग घालून ठेवतो. गेमच्या लेखी 200 क्रमांक अजून पाण्याचा निळाच आहे, पण तक्त्यात तिथे भलतंच आलेलं. विंडोज 7 वर लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचे, तेव्हा तक्त्यात ढवळाढवळ करणारा तोच होता.

आता तसं करायची गरज नाही. सीएनसी-डीड्रॉ नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्या, झिप उघडा आणि आतल्या फायली गेमच्या ईएक्सई फाइलशेजारी ठेवा. बाकी काही इन्स्टॉल करायचं नाही. विंडोज डीड्रॉ-सारखी डीएलएल (गेमला लागणारी मदतनीस फाइल) शोधताना आधी गेमच्या स्वतःच्या फोल्डरात बघतं, मग सिस्टिमच्या; त्यामुळे शेजारी ठेवलेली फाइल आपोआप पुढे होते. ती रंगांचा तक्ता स्वतःजवळ ठेवते आणि आजच्या कार्डाला तयार चित्र देते. तिच्यासोबतच्या कॉन्फिग प्रोग्रॅममध्ये चित्राचं मूळ प्रमाण राखण्याचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर घोडेस्वार आडवे फुगलेले दिसतात.

त्रिमिती गेमना डीजीव्हूडू 2. तो जुना डायरेक्टएक्स (विंडोजमध्ये गेमचं चित्र-आवाज सांभाळणारा भाग) आणि थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डांचा ग्लाइड, दोन्ही आजच्या डायरेक्टएक्सवर उतरवतो. 1997 चा नीड फॉर स्पीड 2 स्पेशल एडिशन त्यात व्हूडू कार्ड असल्यासारखा चालतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच की फायली एक्स86 च्या फोल्डरातून घ्या. लॅपटॉप 64-बिट असला तरी गेम 32-बिट आहे, तो 32-बिट डीएलएलच उचलतो. कोपऱ्यात डीजीव्हूडूचं चिन्ह दिसलं म्हणजे फाइल लागू पडली. नाही दिसलं तर चुकीच्या फोल्डरात ठेवली. खात्री झाली की सेटिंगमधून ते चिन्ह काढून टाका. 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' अशी तक्रार 8 जीबीच्या कार्डावर आली तर चकित होऊ नका. तेव्हाच्या हिशेबात एवढा आकडा मावत नाही, तो उलटून ऋण होतो. डीजीव्हूडूमध्ये मेमरी 128 किंवा 256 एमबी ठरवून द्या.

एक्सपीच्या काळातले गेम बहुतेक वेळा किरकोळ गोष्टींवर अडतात. नावात डी3डीएक्स9 असलेली डीएलएल सापडत नाही म्हटलं तर ती फाइल एकटी कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका. मायक्रोसॉफ्टचा डायरेक्टएक्सचा जून 2010 चा संच बसवा. त्याने नव्या डायरेक्टएक्सला धक्का लागत नाही. गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये कधीच टाकू नका, डी:\गेम्स असा साधा फोल्डर करा. तेव्हाचे गेम सेव्ह केलेला खेळ स्वतःच्याच फोल्डरात लिहितात, व्हिस्टापासून तिथे लिहायची परवानगी नाही, आणि विंडोज ती फाइल गुपचूप अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात ठेवतं. 'सेव्ह गायब झाले' म्हणणाऱ्यांनी आधी तिथे शोधावं.

एक अडचण मात्र खरंच अभेद्य आहे. सेफडिस्क हे नक्कल रोखणारं संरक्षण असलेल्या मूळ सीडी विंडोज 10 आणि 11 वर चालत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने विंडोजमधून काढला गेला. कुठलाही मोड तो परत आणत नाही. कंपनीने नंतर सीडीविना चालणारा पॅच दिला असेल तर तो, नाहीतर जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानातून तोच गेम विकत. अनोळखी साइटवरच्या क्रॅकमधून लॅपटॉपमध्ये काय शिरेल याचा भरवसा नाही.

जीटीए व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियाससाठी सायलेंटपॅच नावाचा दुरुस्तीचा पॅच घालाच. उंदराने नजर फिरत नाही, ही व्हाइस सिटीची सगळ्यात मोठी तक्रार त्याने जाते. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची मर्यादा) चालूच ठेवा. बंद केलात की पोहण्याचा वेगसुद्धा बिघडतो. आणि विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीने या गेममधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान गायब केलं, ते प्रकरण बारकाईने बघण्यासारखं आहे. गेममधल्या प्रत्येक वाहनाची एका फाइलमध्ये एक ओळ असते, त्यात चाकांची मापं. व्हाइस सिटीत स्किमरची नोंद बोट म्हणून होती, आणि बोटीला चाकं नसतात. पुढच्या गेममध्ये ते विमान झालं, पण चाकांची मापं त्या ओळीत लिहायची राहिली. 2005 पासून गेम ती जागा रिकामीच वाचत होता आणि मेमरीत आधीच्या वाहनाचं, एका व्हॅनचं, 0.7 हे माप उरलेलं असायचं, तेच उचलत होता. 24एच2 मध्ये विंडोजचं एक अंतर्गत काम मेमरीची तीच जागा वापरायला लागलं, उरलेलं माप पुसलं गेलं, आणि विमानाला कचऱ्यासारखा प्रचंड आकडा मिळाला. चूक गेमची, उघडी पडली जवळपास वीस वर्षांनी. सायलेंटपॅच ते माप भरून देतो.

नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड रुंद स्क्रीनवर ताणला जातो, त्याला वाइडस्क्रीन फिक्स आहे. पण तो 1.3 आवृत्तीवरच बसतो, आधी गेमचा अधिकृत पॅच घाला. 2000 च्या आसपासच्या गेममध्ये आवाजाचा घुमारा गेला असेल तर तो व्हिस्टाने काढलेल्या हार्डवेअर आवाजामुळे. डीएसओएएल नावाची डीएलएल तो परत आणते. गेम कोपऱ्यात लहान किंवा अर्धाच दिसत असेल तर ईएक्सईच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, मग हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा.

आणि सुट्टीत घरी भावंडं जमली की दोन लॅपटॉपवर एज ऑफ एम्पायर्स लावायचाच असतो. कंट्रोल पॅनलच्या 'विंडोज फीचर्स'मध्ये लेगसी कंपोनंट्स उघडून त्यातलं डायरेक्टप्ले (जुन्या गेमना नेटवर्कवर जोडणारा भाग) दोन्ही मशीनवर चालू करा. वायफाय 'प्रायव्हेट' ठरवा, 'पब्लिक' असेल तर फायरवॉल एकमेकांना दिसू देत नाही. तरीही यजमानाचा गेम यादीत आला नाही, तर फायरवॉलमध्ये टीसीपी 47624 आणि 2300 ते 2400 हे पोर्ट टीसीपी-यूडीपी दोन्हींसाठी उघडा. ज्या जुन्या गेमना आयपीएक्स नेटवर्कच हवं असतं, त्यांच्यासाठी आयपीएक्सरॅपरच्या फायली त्याच पद्धतीने, गेमच्या फोल्डरात.