तुम्ही विचारलंत म्हणून: तबल्यावर हॅस्केल शिकता येतं का?

"ताई, फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? आणि तुम्ही म्हणे तबल्यावर हॅस्केल शिकलात, ते खरं का?" हिंजवडीच्या बसमध्ये, तबल्याच्या क्लासच्या जिन्यात, मध्यंतरी तर एका लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढून घेता घेता हा प्रश्न आलाय, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते.

खरं आहे. दिवसभर जावा लिहून पोट भरणारी मी, संध्याकाळी पेठेतल्या क्लासला जाणारी, आणि हॅस्केल ही फंक्शनल प्रोग्रामिंगची भाषा मला पुस्तकातून जेवढी कळली त्याच्या कितीतरी पट ती सोळा मात्रांच्या तीनतालातून कळली. बरेच जण सुरुवात करतात ती "मोनाड म्हणजे काय" (फंक्शनलमधली एक बोजड कल्पना) या लेखापासून आणि तिथेच संपतात. त्यात त्यांचा दोष नाही, दार चुकीचं निवडलं एवढंच.

आधी मूळ गोष्ट सांगते. साध्या प्रोग्रॅममध्ये ठेका वाजवायचा तर आपण काय लिहितो? लूप लावायचा, एक बोल (धा, ना असं तबल्याचं अक्षर) वाजव, अर्धा सेकंद थांब, पुढचा वाजव, काउंटर वाढव, सोळा झाले की परत एक. म्हणजे आपण वाजवण्याची कृती लिहितो. आता याची दुगुन, म्हणजे दुप्पट गती, हवी तर थांबायचा वेळ बदला, उलटा हवा तर लूप बदला, आणि सरळ ठेक्यावर उलट्याची दुगुन चढवायची म्हटली की दोन काउंटर आले, ते एकमेकांशी भांडायला लागले आणि तुम्ही रात्री दीडला डोकं धरून बसलात.

टायडलसायकल्स नावाची गोष्ट आहे, ॲलेक्स मॅक्लीनने केलेली, हॅस्केलमध्येच लिहिलेली (आवाज ती स्वतः काढत नाही, ते काम सुपरकोलायडर हा दुसरा प्रोग्रॅम करतो). तिच्यात ताल ही कृती नाहीच. पॅटर्न म्हणजे एक फंक्शन, त्याला वेळेचा तुकडा द्यायचा आणि ते सांगतं की या तुकड्यात कुठला बोल कुठे येतो. पाचशेव्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या फेरीत, काय आहे विचारलंत तर आधीची चारशे नव्व्याण्णव वाजवावी लागत नाहीत. अजून काहीच वाजलेलं नाही आणि तरी अख्खा अनंत ताल तुमच्या हातात आहे, तो उलटा करा, दुप्पट करा, दुसऱ्यावर ठेवा, मूळचा जसाच्या तसा शिल्लक राहतो. फंक्शनलवाले "इम्युटेबल" (न बदलणारं) म्हणून जे घसा कोरडा करून सांगतात ते हेच, फक्त इथे ते ऐकू येतं.

आणि वेळ अपूर्णांकात मोजतात, दशांशात नाही. एका मात्रेत (तालाच्या एका ठोक्यात) तीन बोल बसवायचे तर एकतृतीयांश म्हणजे एकतृतीयांशच. दशांशात शून्य पूर्णांक तीन तीन तीन असं करत गेलात की कुठेतरी तुटतं आणि सम, आवर्तनाची पहिली मात्रा, सरकत सरकत जाते. तीनताल आणि दहा मात्रांचा झपताल एकाच मात्रेच्या गतीने एकदम सोडले तर दोघांच्या समा ८० मात्रांनी भेटायला हव्यात, एकाची ५ आवर्तनं, दुसऱ्याची ८. त्या बरोब्बर भेटतात.

आता भाषेचा भाग. टायडलमध्ये "एव्हरी ४ रेव्ह" असं लिहिलं की दर चार आवर्तनांत एकदा पॅटर्न उलटा वाजतो. यात रेव्ह हे फंक्शन आहे आणि ते आपण दुसऱ्या फंक्शनला सहज हातात दिलं. पुस्तकात याला हायर ऑर्डर फंक्शन म्हणून स्वतंत्र प्रकरण असतं, इथे ती एक ओळ आहे. मग रेव्हच्या जागी कंसात "फास्ट २" लिहा. फास्टला खरं तर दोन गोष्टी लागतात, किती पट आणि कशाची, आपण पहिलीच दिली, तेव्हा उरतं ते दुसऱ्या गोष्टीची वाट बघत बसलेलं नवीन फंक्शन, आणि एव्हरीला नेमकं तेच हवं असतं. करीइंग झालं. कुणाला कळलंही नाही.

पण इथवर जे झालं ते दुसऱ्याची फंक्शनं वापरणं झालं. टायडल सफाईने चालवणारे, आणि हॅस्केलमध्ये स्वतःचं चार ओळींचं फंक्शन लिही म्हटलं की गडबडणारे लोक मी बघितलेत. शिक्षण सुरू होतं ते लायब्ररीत नसलेलं काहीतरी तुम्हाला हवंसं वाटतं तिथे. माझ्यासाठी ते कायद्यापाशी झालं, म्हणजे तबल्यातली ठरावीक बोलांची रचना, तिचे पलटे (त्याच बोलांची उलटपालट) करत ती वाढवतात.

दिल्लीचा कायदा सगळ्या क्लासांत शिकवतात. पहिली ओळ, भरी, अशी: धा धा ति ट धा धा तिं ना. मग दुसरी, खाली: ता ता ति ट धा धा धिं ना. वरवर बघितलं तर वाटतं सोप्पं आहे, खाली म्हणजे डग्गा बंद, तर मॅप (यादीतल्या प्रत्येकाला तेच फंक्शन) लावा, प्रत्येक धा चा ता करा, झालं. लावून बघा. येतं ते असं: ता ता ति ट ता ता तिं ना. कुठल्याही विद्यार्थ्याच्या कानाला हे लगेच खटकेल, कारण खाली तशी शेवटपर्यंत बंद राहत नाही, अर्ध्यावर डग्गा परत बोलायला लागतो. आणि भरीचा शेवट बघा, तिथे तिं आहे, म्हणजे ती खालीची चाहूल आधीच देते, आणि खालीचा शेवट धिं वर, ती भरीची. तेव्हा ओळीचे दोन तुकडे करा, पहिल्या चार बोलांवर धा चा ता करणारं फंक्शन, उरलेल्या चारांवर तिं चा धिं करणारं, आणि परत जोडा. पॅटर्न मॅचिंग (बोल ओळखून त्याप्रमाणे वागणं), मॅप, यादी तोडणं, यादी जोडणं, सगळं एका कायद्यात आलं, आणि बरोबर आलं की नाही हे तपासायला टेस्ट लिहावी लागली नाही, कान होता.

हे माझं एकटीचं खूळ नाही बरं का. बर्नार्ड बेल आणि जिम किपेन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्रॅम केला होता, ॲपल टू वर, लखनौच्या तबल्याचे कायदे व्याकरणाच्या नियमांत बसवायला. मशीनने पलटे काढायचे आणि तबलजींनी हे चालेल, हे नाही चालणार असं सांगायचं.

मग तिहाई, बोलांचा एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तिहाईला किती लांबी लागते? तीन वेळा बोल आणि मधे दोन वेळा दम, म्हणजे विराम. तिट कत गदि गन धा, हा पाच मात्रांचा बोल, मधे एकेक मात्रा दम: पंधरा आणि दोन, सतरा. समेवर उचला, शेवटचा धा पुढच्या समेवर. तीन मात्रांचा बोल बेदम, म्हणजे मधे न थांबता, वाजवायचा तर लांबी नऊ, उचलायचा नवव्या मात्रेला, खालीवर. म्हणजे सुरुवातीची मात्रा काढायची तर तालाच्या मात्रांत दोन मिळवा आणि तिहाईची लांबी वजा करा. गुरुजी हे बोटांवर करतात, विचारसुद्धा करत नाहीत. हॅस्केलमध्ये ते फंक्शन झालं: ताल किती मात्रांचा, बोल कुठला, दम किती, हे घ्यायचं आणि नवीन पॅटर्न परत द्यायचा. त्याचा टाइप (काय घेतं, काय देतं) आधी कागदावर लिहिला आणि मग लक्षात आलं की अर्धा प्रोग्रॅम तिथेच लिहून झालाय. हॅस्केलचे एरर मेसेज मैलभर लांब असतात, पण मेसेज बोलत असतो तो या टाइपबद्दलच, आणि टाइप आपणच लिहिलेला असला की तो मेसेज वाचता तरी येतो.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तबला येत नसेल तर तबल्यावर शिकू नका! जे तुम्हाला पाठ आहे, ज्यातली चूक ऐकताक्षणी किंवा बघताक्षणी खुपते, ते घ्या. आमच्या टीममधला एक मुलगा ढोल-ताशा पथकात आहे, ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी नदीपात्रात सरावाला पळतो, त्याला तीनताल म्हणजे काय याच्याशी घेणंदेणं नाही. त्याने टिपरू उजव्या कानात आणि हाताची थाप डाव्या कानात अशी विभागून पथकाचा एक अख्खा ताल बांधला, आणि "जक्स" हे फंक्शन उजव्या बाजूलाच का लागतं हे मला समजावून सांगत होता. चित्रांकडे ओढा असेल तर पीटर हेंडरसन यांनी १९८२ मध्येच दाखवलंय की चित्रकार एशरच्या माशांचं गुंतागुंतीचं चित्र फिरव, शेजारी ठेव, वर ठेव अशा मोजक्या फंक्शनांतून उभं राहतं. ठिपक्यांची रांगोळी त्याच वाटेने होते, एक पाव भाग काढा आणि फिरवून चार ठेवा, त्यासाठी हॅस्केलमध्ये ग्लॉस नावाची लायब्ररी आहे. ॲनिमेशन हवं तर कॉनल एलियट आणि पॉल हुडाक यांचं १९९७ चं फ्रॅन बघा, तिथे हलतं चित्र म्हणजे वेळेचं फंक्शन, टायडलसारखंच.

गणित लागतं का? वर जेवढं आलं तेवढं, बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक. मोनाड? पुढे लागतो, पण गंमत अशी की टायडलचा पॅटर्न स्वतःच मोनाड आहे, तेव्हा वापरा सहा महिने आणि मग तो लेख वाचा, चांगला वाटेल.

नोकरी लागते का? माझ्या ओळखीत हॅस्केलवर पगार घेणारं कुणी नाही, तेव्हा त्या आशेने येऊ नका. पण २०१४ ला जावा ८ मध्ये लॅम्डा आणि स्ट्रीम या फंक्शनल पद्धतीच्या सोयी आल्या, आणि ऑफिसातल्या जुन्या कोडमधले चार-चार मजली लूप मी आता ज्या बिनधास्तपणे मोडते ते कायद्यामुळेच. रिव्ह्यूमध्ये असं म्हणत नाही अर्थात.

आणि एक उणं आहेच. डग्ग्याची घीस, मनगट दाबून वर चढणारा तो आवाज, रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांतून येत नाही, दर वेळी तोच धा वाजतो आणि अर्ध्या तासात कान किटतात. तालीम म्हणून याचा काही उपयोग नाही, क्लास सोडू नका.

टायडल मशीनवर बसवायला पहिल्यांदा थोडी कटकट आहे, हॅस्केल वेगळं, सुपरकोलायडर वेगळं. म्हणून आधी स्ट्रूडल उघडा, टायडलचंच जावास्क्रिप्टमधलं रूप, ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही. हात बसला की हॅस्केलकडे या. तिहाईचं फंक्शन तीनतालावर चालायला लागलं की त्यालाच झपताल द्या, तीनाचा बोल आणि एकेक मात्रा दम, सम ते सम. मग सात मात्रांचा रूपक, तिथे बोल दोन मात्रांचा. फंक्शनमध्ये कुठेतरी सोळा हा आकडा लिहून ठेवला असेल तर तो इथे सापडेल.