दमलाय तो

काल रात्रीपासून ताईचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी बझरबीटरवर माझ्या टीमचा सामना बघत होते. बझरबीटर म्हणजे बास्केटबॉल टीम सांभाळायचा ऑनलाइन गेम, सामना त्यात ओळी-ओळींनी वाचायचा. पाठीमागून जाता जाता तिने स्क्रीनकडे जेमतेम बघितलं आणि म्हणाली, "अगं, दमलाय तो. बसव की त्याला." तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. चौथं क्वार्टर चालू होतं. सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या माझ्या खेळाडूचा शॉट हुकला, सेंटरच्या हातून रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) गेला, परत सेंटरचाच शॉट हुकला, अशा ओळी येत होत्या. तेवढं वाचून तिला कळलं.

बसवू कुठून? बझरबीटरमध्ये सामना सुरू झाला की आपल्या हातात काही राहत नाही. लाइनअप, म्हणजे कोण खेळणार ती यादी, आधीच द्यायची. मग कोच त्याच्या मनाने खेळाडू आत-बाहेर करतो आणि आपण ओळी वाचत बसायचं. हे तिला सांगितलं नाही. नुसतं "हं" म्हटलं.

हरलो. त्याचं एवढं काही नाही, आधीही हरलोय. पण "दमलाय" हे लागलं कुठेतरी.

सामना संपल्यावर त्याचे आकडे उघडून बसले. इनसाइड शॉट (बास्केटजवळून मारायचा) तोच, रिबाउंडिंग तेच. पहिल्या मिनिटाला जो खेळाडू होता, तोच कागदावर चाळिसाव्या मिनिटालाही आहे. फक्त स्टॅमिना बेताचा, त्यामुळे मिनिटं चढत गेली की बाकीचे आकडे थोडे थोडे खोटे व्हायला लागतात. आणि गंमत म्हणजे पगार ठरताना शॉट बघतात, पास बघतात, रिबाउंड बघतात, स्टॅमिना त्या हिशेबात धरतच नाहीत. वाढवायचा म्हटला तर आठवड्याला ट्रेनिंग एकच. ते स्टॅमिनाला दिलं की अख्ख्या टीमचा दम जरासा वाढतो, पण त्या आठवड्यात कुणाचा शॉट सुधारत नाही. तरण्या पोरांचे आठवडे असे घालवायचे जिवावर येतं. मी घालवले नाहीत, आणि ते बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं. बहुतेक.

माणूस दमला की कुणी म्हणत नाही, याचं बाकी सगळं शाबूत आहे, फक्त दम संपलाय. म्हणतात, हल्ली हिचं लक्ष नसतं. परवा ऑफिसात तेच... जाऊ दे. आईच्या गोळ्यांचंही तेच झालं. तेही जाऊ दे.

खरं काय ते लिहिते. ताई माझ्याबद्दल असं कधी म्हणालेली नाही. एका आकड्यांच्या बाहुल्याबद्दल चालता चालता म्हणाली.

झोप येईना म्हणून खऱ्या सामन्यांचे जुने बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचे तक्ते, चाळत बसले. मार्च 2012, सॅन अँटोनियो स्पर्स, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली टीम. त्यांचा टिम डंकन एका सामन्यात खेळला नाही, आणि अधिकृत स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे कारण छापलंय: 'ओल्ड'. म्हातारा! पस्तिशीतला माणूस. मी रात्री एकटीच हसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा कोच पॉपोविच याने डंकनसकट चौघांना मायामीविरुद्धच्या सामन्याआधीच घरी धाडलं, तर लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलर दंड ठोकला. दमलेल्यांना बसवलं म्हणून दंड! म्हणजे हे दुखणं माझ्या एकटीचं नाही, एनबीएतही आहे. आणि 2013-14 च्या अख्ख्या सीझनमध्ये त्या टीमच्या एकाही खेळाडूची सरासरी सामन्याला 30 मिनिटांपर्यंत गेली नाही. 62 सामने जिंकले, वर चॅम्पियनही झाले.

दुसऱ्या टोकाला विल्ट चेंबरलेन, एनबीएतलाच जुना खेळाडू. 1961-62 मध्ये त्याची सरासरी होती सामन्याला साडेअठ्ठेचाळीस मिनिटं. सामना 48 मिनिटांचाच असतो, वरचं अर्धं मिनिट ओव्हरटाइमचं. असल्या माणसाला कुणी "बसव की त्याला" म्हणालं असेल असं वाटत नाही. म्हणू दे तरी कोण!

तर मी लाइनअप बदलली. माझ्या सेंटरला लीगच्या दोन्ही सामन्यांत पूर्ण वेळ खेळवलं की आठवड्याची 96 मिनिटं होतात, मग त्याचा गेम शेपही (खेळायची तयारी) उतरतो. फार कमी खेळवलं तरी उतरतो, लाडावलेल्या मुलासारखं आहे सगळं. पुढच्या सामन्यात सुरुवात बॅकअप करेल. त्याच्या हाताला काही विशेष नाही, पण शेवटपर्यंत पळतो. ट्रेनिंगला स्टॅमिना टाकलं, मग काढलं, परत टाकलं. आत्ता या घडीला तरी आहे.

सकाळी ताईला सांगितलं, उद्या आईला दवाखान्यात तू घेऊन जा. "बरं," म्हणाली. का, ते विचारलंसुद्धा नाही. त्याचाही जरा रागच आला.