डेबियनमधून एक पॅकेज काढताना

डेबियन या लिनक्स प्रणालीत माझं पहिलं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार असं सॉफ्टवेअर, घालायला चार महिने लागले होते. काढायचं काम एका रविवारी उरकेल, अशी माझी समजूत.

पॅकेज कुठलं ते राहू दे. आयकॉन एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलून देणारं छोटंसं साधन. मूळ लेखकाची साइट कधीच बंद पडलेली आणि डेबियनमध्ये ते सांभाळणाऱ्यानेही रीतसर सोडून दिलेलं. अशा पॅकेजला तिथे 'ऑर्फन' म्हणतात, मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, म्हणून नावापुरता क्यूए (गुणवत्ता पाहणारा) गट लागतो. त्यात ते जीटीके २ या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर उभं. ती लायब्ररी डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आल्यावर मूळ प्रकल्पाने थांबवली. आणि हे साधन जे करतं ते इमेजमॅजिक हे चित्रं बदलणारं सॉफ्टवेअर एका ओळीत करतं. मग ठेवायचं कशाला?

आधी पॉपकॉन, म्हणजे कुठलं पॅकेज किती जणांकडे आहे याची डेबियनची मोजणी, पाहिलं. इन्स्टॉल मोजकेच. पण पॉपकॉन ज्यांनी स्वखुशीने चालू केलंय त्यांचीच मोजदाद होते, म्हणून त्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. पॅकेजवर 'हे काढू या का?' असा बग, म्हणजे जाहीर नोंद, टाकला आणि महिनाभर थांबलो. कोणी हूं की चूं केलं नाही. मग या पॅकेजवर कोण अवलंबून आहे ते सांगणारी 'एपीटी आरडिपेंड्स' ही आज्ञा चालवून पाहिली, कोणी अवलंबून नाही. रिपोर्टबग या बग नोंदवायच्या साधनातून एफटीपी टीमकडे, म्हणजे डेबियनचं पॅकेज-भांडार सांभाळणाऱ्यांकडे, काढण्याची विनंती पाठवली. शीर्षकात 'आरएम' (काढा), पुढे पॅकेजचं नाव, मग 'आरओक्यूए', म्हणजे विनंती क्यूएकडून, आणि कारण.

उत्तर आलं ते 'मोअरइन्फो'चा, म्हणजे आणखी माहिती हवी असा, टॅग लावून. दुसरं एक पॅकेज बिल्ड होताना, म्हणजे सोर्स कोडपासून तयार होताना, आपला आयकॉन याच साधनाने बदलून घेत होतं! एपीटी फक्त चालताना लागणारी पॅकेजं दाखवतं, बिल्डला काय लागतं ते सोर्स पॅकेजच्या नोंदीत असतं. त्यासाठी 'बिल्ड-आरडेप्स' चालवायला हवं, हे मला माहीत होतं. चालवलं नव्हतं, एवढंच.

त्या पॅकेजच्या बिल्डच्या सूचना असलेल्या 'डेबियन/रूल्स' फाइलमधली एक ओळ बदलून इमेजमॅजिकची 'कन्व्हर्ट' आज्ञा घातली, काय काय लागतं ते सांगणाऱ्या 'कंट्रोल' फाइलमधून जुनं नाव उडवून इमेजमॅजिक लिहिलं, बिल्ड केलं. आयकॉनच्या कडेला पांढरी चौकट आली. पारदर्शक भाग कुठे हरवला ते शोधण्यात दोन रात्री गेल्या. पॅच पाठवला, तिथल्या मेंटेनरने तीन आठवड्यांनी अपलोड केला, मग मी टॅग काढला. चार दिवसांत पॅकेज अनस्टेबलमधून, म्हणजे नवं काम आधी येतं त्या शाखेतून, गेलं, मागोमाग पुढच्या आवृत्तीची तयारी चालते त्या टेस्टिंगमधूनही. त्याच्यावरचे सगळे उघडे बग आपोआप बंद झाल्याच्या मेल एकदम येऊन पडल्या. एक २००९ चा होता, कोणीतरी मोठ्या आशेने एक बटण मागितलं होतं.

जून २०२३ मध्ये बुकवर्म ही डेबियनची आवृत्ती आली तेव्हा घोषणेत ६४,४१९ पॅकेजं असल्याचं आणि ६,२९६ हून अधिक कालबाह्य म्हणून काढल्याचं लिहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, फिरवला असेल झाडू.

आठवड्याने एका वापरकर्त्याची मेल आली: माझं रोजचं साधन गेलं कुठे? स्टेबलमध्ये, म्हणजे प्रकाशित आवृत्तीत, अजून आहे, जुन्या आवृत्त्या स्नॅपशॉट या डेबियनच्या जुन्या पॅकेजांच्या संग्रहावर मिळतील आणि इन्स्टॉल केलेलं कोणी मशीनवरून काढून नेत नाही, असं कळवलं. त्याने इमेजमॅजिकची ती ओळ मागितली. पांढऱ्या चौकटीच्या उपायासकट पाठवली.