गोट्यावरची चराई

नागपूरहून पेंचकडे जाताना लागणाऱ्या एका ओढ्यातला गोटा मी गेल्या पौषात उचलून पाहिला, तेव्हा त्याच्या बुळबुळीत तपकिरी थरावर मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाच्या चपट्या अळ्या चरत होत्या आणि खरवडलेल्या जागी दगडाचा मूळ रंग दिसत होता. (अळ्या उन्हात सुकू नयेत म्हणून गोटा लगेच, त्याच बाजूने, पाण्यात ठेवला.) हा थर बहुतांशी डायटम या सूक्ष्म शैवालांचा असतो. पावसाळ्यातले लोंढे तो घासून नेतात, त्यामुळे अळ्यांना कुजक्या पानांच्या कणांवरही भागवावे लागते. हिवाळ्यात पाणी निवळून ऊन तळापर्यंत पोचले की तो पुन्हा दाटतो आणि चराई जोमात येते. उन्हाळ्यात, डोहांत माजणारे लांब तंतूंचे हिरवे शेवाळ मात्र या खरवडणाऱ्या तोंडांना सहसा पेलत नाही.