दर एकच, दारं अनेक

गुहागरच्या ‘खालचा पाट’ या भागात, सुपारीच्या वाडीतल्या आमच्या घरात पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. सुरुवातीला सगळं फोनवर चालायचं. पुण्या-मुंबईची कुटुंबं ओळखीनं यायची, दर तोंडी ठरायचा, घासाघीस सासूबाईंकडे. वेगवेगळ्या बुकिंग ॲपवर नाव घातलं आणि एकाच खोलीचे तीन दर झाले. मग एका रविवारी पडवीत नाश्त्याला बसलेल्या दोन कुटुंबांनी मोबाइल शेजारी शेजारी धरले. फरक चारशे रुपयांचा. घावनं निवली ती वेगळीच.

तेव्हापासून हिशेब उलट बाजूनं करतो. धुणं, मदतीच्या बाईंचा पगार, वीज, डागडुजी धरून एका खोलीमागे रात्रीचे ३,००० रुपये हातात पडायला हवेत. ॲपचं कमिशन १५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे कापले जातात १७.७ टक्के. आमच्याकडे बरेच जण ३,००० वर तेवढे टक्के चढवून ३,५३१ लावतात. पण कात्री लागते ती चढवलेल्या रकमेला, त्यामुळे हाती २,९०६च येतात. शंभरातले १७.७ गेले की ८२.३ उरतात, म्हणून खरं तर ३,००० ला ०.८२३ नं भागायचं. उत्तर ३,६४५. आम्ही ३,६५० धरतो.

काही ॲप यजमानाकडून थोडं आणि पाहुण्याकडून जास्त घेतात. तिथे ३,२०० च लावायचे, म्हणजे पाहुण्याकडून घेतले जाणारे चौदा टक्के धरून त्याला ३,६५० च्या आसपासच दिसतं. कर मोजण्याआधीचा हा आकडा सगळीकडे जुळला पाहिजे, एवढंच आम्ही बघतो.

‘सवलत द्या, यादीत वर दिसाल’ असे निरोप सतत येतात. ती सवलत आपल्याच खिशातून जाते. मे महिन्यात आणि नाताळात आम्ही ती साफ बंद ठेवतो. पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवसांत देतो, पण सगळीकडे एकदम.

थेट फोन करणाऱ्याला स्वस्त का नाही, असं जुने पाहुणे विचारतात. इतरत्र कमी दर लावू नका, अशा हॉटेलांवर घातलेल्या अटींवरून स्पर्धा आयोगानं २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो या बुकिंग कंपनीला २२३ कोटींहून जास्त दंड ठोठावला, त्यामुळे थेट येणाऱ्याला कमी दर लावायची मुभा ॲपकडे मागायला हरकत नाही. पण व्हॉट्सॲपवर सांगितलेला दर दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या मोबाइलमध्ये असतो. म्हणून थेट येणाऱ्यालाही ३,६५० च, नाश्ता मात्र आमच्याकडून. वाचलेल्या कमिशनमधून घावन-चटणी आणि चहा सहज निघतो.

आता मुलानं चॅनल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर बसवलंय. एका जागी दर बदलला की सगळीकडे बदलतो, आणि गणपतीत चारही खोल्या एका बोटानं बंद होतात, कारण त्या दिवसांत घर आमच्याच माणसांनी भरलेलं असतं. फक्त जादा माणसाचे ६०० रुपये एका ॲपवर आपोआप जात नाहीत. ते अजून हातानं भरावे लागतात, आणि ते काम माझ्याकडे आहे.